शालीची घडी

त्रिपुरारी पौर्णिमा जवळ आली की आमच्या पारावर दुसरा विषय निघत नाही. कुडाळहून येणारा रस्ता जिथे देवळाकडे वळतो, तिथे परवा संध्याकाळी बसलो होतो. चहा यायच्या आतच वादाला तोंड फुटलं. यंदा जत्रेला नेहमीची दशावतारी नाटक कंपनी बोलवायची की वेगवेगळ्या कंपन्यांचे नट एकत्र आणून संयुक्त दशावतार लावायचा?

मंडपवाल्याचं मत पक्कं. "पोरां मोबाईल घेऊन बसतत. ट्रिकसीन नाय तर बाराक मैदान खाली. आगीतसून देवी येवक व्हयी, नाग सरपटाक व्हयो. चार कंपन्यांचे नावाजलेले नट एका रात्रीक आणा, मगे बघा गर्दी!"

पखवाजी आमच्यातलाच. गेली कित्येक वर्षं एकाच कंपनीत वाजवतो. तो म्हणाला, "गर्दी होतली, भाऊ. पण ते चार जण एकमेकांच्या वांगडा कितके वेळा उभे रवले?"

हे बाहेरच्याला चटकन कळणार नाही. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. रंग लावता लावता कंपनीचे मालक त्या रात्रीचं आख्यान सांगतात, कोण राजा, कोण राक्षस, कोण राणी ते ठरवतात, आणि पुढचं सगळं बाकड्याभोवती उभं राहून जागच्या जागी रचायचं. सुरुवातीला येणारा राक्षस संकासुर तेवढा मालवणीत हसवून जातो. आख्यान लागलं की भाषा एकदम भारदस्त. समोरचा नट कुठे श्वास घेतो, कुठे वाद वाढवतो, हे मोसमभर एका गाडीतून फिरून आणि एका पंगतीत जेवून अंगात मुरतं. 8 जुलै 1921 ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र उभे राहिले, त्या संयुक्त प्रयोगाचं मोल आहेच. पण तो एका कारणासाठी झाला होता. दर जत्रेला संयुक्तच करायचं ठरवलं, तर ज्या कंपनीत नट तयार होतो ती चालवायची कोणी?

"मगे कंपनीनं धंदो करूचो नाय?" मंडपवाला म्हणाला. प्रश्न रास्त होता. त्यावर मास्तरांनी विष्णुदास भाव्यांचं उदाहरण काढलं. 1843 साली सांगलीत भाव्यांनी नाटक केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. 1851 मध्ये पटवर्धन गेले, आश्रय सुटला, आणि भाव्यांना खेळ घेऊन गावोगाव फिरावं लागलं. 1853 मध्ये मुंबईत त्यांचे तिकीट लावून खेळ झाले. मास्तर म्हणाले, "तिकडे प्रेक्षक गिऱ्हाईक झाला. आपल्या जत्रेत अजून तिकीट नाही. इथला राजा म्हणजे गाव. मग मालकाच्या हातात राहतं काय? भाव ठरवतो गाव, तारीख देवाची, मिरगाचा पाऊस आला की कंपनीच्या सामानाचा पेटारा बंद."

तारकर्लीच्या हॉटेलात पर्यटकांसाठी तासाभराचा खेळ करावा का, हाही मुद्दा आला, पण त्यावर फार ताणलं नाही. पखवाजी म्हणाला, "करूचो. तेच्यावर पेटारो चलता. फक्त तेका धयकालो म्हणा नको." धयकालो म्हणजे जत्रेतला रात्रभराचा दशावतार; मला ते पटलं.

मग मी गेल्या वर्षीची रात्र काढली. पहाटेचे तीन वाजले असतील. हरिश्चंद्राचं आख्यान स्मशानापर्यंत आलं होतं. तारामती बाकड्यावर बसलेली, मांडीवर रोहिदास म्हणून एक शाल घडी करून ठेवलेली. हरिश्चंद्र दहनाचा कर मागतो आणि आता ती काहीतरी बोलणार म्हणून आम्ही थांबलो. ती बोललीच नाही. तिने शालीची एक घडी उलगडली, मग दुसरी, आणि पूर्ण उलगडलेली रिकामी शाल त्याच्यासमोर धरली. पखवाज थांबला. पेटीवाल्याने एकच सूर धरून ठेवला. मंडपात इतकी शांतता की मागच्या खाजेवाल्याने कागदाची पुडी बांधली ती ऐकू आली. मी सांगितलं, दशावतार म्हणजे हे, याला ट्रिकसीन लागत नाही.

पखवाजी माझ्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "शालीचा कौतुक करतास, बरा वाटला. पण शाल कित्याक होती ठावक आसा? पोर नव्हता म्हणान. रोहिदास करणारो पोरगो आसा आमचो. तेचो नाईट त्या पैशांत बसणारो नव्हतो."

मी गप्प झालो. कारण नाईट म्हणजे एका रात्रीची बिदागी, आणि त्या रकमेची बोलणी मीच केली होती. मालकांनी सांगितलेला आकडा मी घासाघीस करून खाली आणला आणि समितीच्या बैठकीत मला शाबासकी मिळाली. त्याच बैठकीत फटाके आणि रोषणाईचा खर्च कोणी विचारलाही नाही. 'रात्री राजा, सकाळी कपाळाक बोजा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तो बोजा मी माझ्या हाताने वाढवला, हे मला त्या नटाच्या कलेचं कौतुक करताना सुचलंही नव्हतं. दहा-बारा नट आणि वाजवणारे रात्र जागवतात, त्यांची रक्कम कमी करणं म्हणजे गावाची बचत, असं मी धरून चाललो होतो. त्या नटाने अडचणीतून सोनं काढलं हे खरं. पण अडचण आम्ही पुरवायची आणि सोनं त्यांनी काढायचं, हा व्यवहार धड नाही. पोरगा आज उभाच राहिला नाही तर दहा वर्षांनी हरिश्चंद्र कोण करणार?

मी म्हटलं, यंदा फटाके बंद, रोषणाई निम्मी, आणि ते पैसे नाईटमध्ये. मंडपवाल्याचा चेहरा पडला. रोषणाई त्याचीच. त्याच्याही घरी माणसं आहेत, जनरेटरचा हप्ता आहे. "रविवारी बैठकीत बघूया," एवढंच तो म्हणाला आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन उठला.

तो गेल्यावर पखवाज्याने मालकांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी यंदाची रक्कम विचारली. त्यांनी सवयीने आधीच कमी करून सांगितली, ते मला ऐकताना कळलं. मग त्यांनी विचारलं, "माणसां किती हाडू?"

मी म्हटलं, "पोराक पण घेऊन येवा."