देशी की संकरित? जमैकातून पाहताना

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' ठरवलं, गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये जाहीर केले, आणि जुन्या वादाला पुन्हा धार चढली: गीर-खिलार की एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन)? जमैकात गाईंची नवी जात घडवणारे शास्त्रज्ञ टी. पी. लेकी (१९०४–१९९४) यांनी हा वाद घातलाच नाही. कुणाचं रक्त किती टक्क्यांवर थांबवायचं, एवढंच त्यांनी पाहिलं.

युरोपातून आणलेल्या गाई जमैकाच्या उकाड्यात धापा टाकत, गोचीडतापानं मरत. काटक जनावरं जगत, पण दूध जेमतेम. होल्स्टिन अंगानं जड, डोंगरउतारावर चरायला नालायक. म्हणून लेकींनी हलकी जर्सी धरली आणि तिला अविभाजित पंजाबच्या साहिवालची जोड दिली. १९५२ मध्ये मान्यता मिळालेल्या 'जमैका होप'मध्ये साधारण ८० टक्के जर्सी, १५ टक्के साहिवाल आणि ५ टक्के होल्स्टिन आहे. साहिवालचा वाटा जेमतेम सातवा हिस्सा म्हणायचा, आणि तरी गाय उन्हात तगते. कारण उन्हात दूध देणारी आणि वेळेवर गाभण राहणारीच पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली.

आपल्याकडे घोळ होतो तो दुसऱ्या पिढीत. गीर गाईला एचएफची कांडी (गोठवलेल्या वीर्याची) भरली की कालवड ५० टक्के. ती उत्तम निघते. तिलाही एचएफच भरलं की ७५, पुढे ८७.५. मराठवाड्यातल्या मे महिन्यात ही गाय चारा सोडते, सारखी उलटते (रेतन करूनही गाभण राहत नाही), थायलेरिया या गोचीडजन्य रोगात जाते, आणि शिव्या खातो तो संकर. बरं, ५० टक्क्यांवर थांबायचं म्हणून गावातला कुठलाही संकरित वळू लावला, तर पहिल्या पिढीचा संकरजोम, म्हणजे संकरामुळे आलेला जादा जोम, निम्म्यावर येतो. शिवाय वळूच्या आईचं दूध किती, हे सांगणारा कुणी नसतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं 'फुले त्रिवेणी'त एचएफ ५०, जर्सी २५, गीर २५ असं प्रमाण बांधून दिलं आहे. गोठ्यात ते प्रमाण पाळायचं तर नोंदी हव्यात: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, कांडीवरचा वळूचा क्रमांक, रेतनाची आणि विण्याची तारीख, महिन्यातून एक दिवस दोन्ही धारांचं मोजलेलं दूध. अनुदान द्यायचंच असेल तर या वहीला द्यावं, असं माझं मत.

मात्र जमैकाचं उदाहरण देणाऱ्यांनी पुढचंही सांगावं. १९९० च्या दशकात आयात खुली झाली, युरोपची अनुदानित दूध पावडर स्वस्तात आली, आणि 'जमैका होप' पाळणाऱ्यांचे गोठे बंद पडत गेले. जात तीच होती, पण दुधाला भाव उरला नव्हता.