क्रेनचा नवा वायर रोप दीडपट वजनाने ‘सेट’ होत नसतो

काल रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागून त्याला चार महिने झालेत. “मामा, उद्या १० टनी ईओटीला नवा रोप चढवतोय. सेट करायला १५ टनांचा लोड तयार ठेवलाय.” ईओटी म्हणजे कारखान्यात डोक्यावरच्या रुळांवर धावणारी विजेची क्रेन, रोप म्हणजे तिचा वजन उचलणारा पोलादी तारांचा दोर. हे कुणी शिकवलं विचारलं, तर उत्तरादाखल मेसेज आला: ‘वायर रोपचे ५ सोनेरी नियम’. खाली हात जोडलेले, ‘प्रत्येक क्रेनवाल्यापर्यंत पोहोचवा’. हाच मेसेज महिनाभरात मला तीन ग्रुपांवर दिसला होता आणि मी हसून सोडून दिला होता. ती चूक माझी.

आधी तो दुसरा नियमच घेतो, कारण सकाळी त्यावरच काम होणार होतं. ‘नवा रोप बसवल्यावर पहिला लोड क्षमतेच्या दीडपट उचला, म्हणजे तारा बसतात. ओव्हरलोड ट्रिप होत असेल तर तेवढ्यापुरतं बायपास करा.’

म्हणजे जादा वजनाला क्रेन आपोआप थांबवणारी सुरक्षाच बंद करा, तेवढ्यापुरतं! तेवढ्यापुरतं केलेलं बायपास पुढे किती महिने तसंच राहतं, हे ज्याने शॉपफ्लोअर पाहिलाय त्याला सांगायला नको. क्रेनच्या रोपची देखभाल, तपासणी आणि तो बाद कधी करायचा, यासाठी आयएसओ ४३०९ हे मानक आहे. ते बरोबर उलटं सांगतं. आधी सगळी लिमिट उपकरणं, म्हणजे मर्यादा ओलांडली की क्रेन थांबवणारी, नीट चालतात याची खात्री करा. मग कमी वेगाने, क्षमतेच्या १० टक्क्यांपर्यंतच्या वजनावर काही फेऱ्या मारा. १० टनी क्रेनला म्हणजे १ टन.

कारण साधं आहे. ६×३६ बांधणीच्या रोपात सहा स्ट्रँड (तारांचे पीळ), प्रत्येकात ३६ तारा, म्हणजे कोर (मधला गाभा) सोडून २१६ तारा. पुलीवर रोप वाकला की यातली प्रत्येक तार शेजारणीवर किंचित सरकते. नव्या रोपात या तारांनी आपापली जागा अजून धरलेली नसते. हलक्या फेऱ्यांत स्ट्रँड कोरवर हळूहळू बसतात, रोप थोडा लांबतो, थोडा बारीक होतो. त्याआधीच दीडपट भार टाकला तर तो सगळ्या तारांवर सारखा वाटला जात नाही. काही तारा जास्तीचा ताण घेतात आणि कोर चेपतो. बाहेरून रोप चकचकीतच दिसतो.

हा गोंधळ आला कुठून, याचा अंदाज आहे. क्रेनची लोड टेस्ट १२५ टक्क्यांवर घेतात. पण ती गर्डरची (क्रेनच्या आडव्या तुळईची), ब्रेकची, सगळ्या यंत्रणेची परीक्षा असते, सक्षम व्यक्तीच्या देखरेखीखाली. नव्या रोपच्या तारा बसवायचा तो विधी नव्हे.

तिसरा नियम: ‘हातमोजा फिरवा, तार अडकली नाही तर रोप पास.’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. थांबलेल्या रोपवरून कापड फिरवलं तर वरच्या तुटक्या तारा अडकतात, मीही हे करतो. पण दोन स्ट्रँडच्या खाचेत तुटलेली तार कापडाला लागत नाही, आतली तर नाहीच. शिवाय रोप नुसता तार तुटूनच बाद होतो असं थोडंच आहे? स्टील कोरचा रोप सगळीकडे सारखा झिजून ७.५ टक्के बारीक झाला की बाद, असं तेच मानक सांगतं. १६ मिमीच्या रोपला हे होतात १.२ मिमी. ते हातमोज्याला कळत असतील तर जाडी मोजायचा व्हर्नियर विकून टाका. आणि अख्खा रोप पुसणारेसुद्धा इक्वलायझर पुलीपाशी, म्हणजे रोपच्या दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवणाऱ्या पुलीपाशी, थांबतात. ती फारशी फिरत नाही, मग तिथे काय झिजणार? नेमका तिथेच रोप आतून खराब होत असतो.

बाकीचे भराभर. ‘जळकं ऑइल चोपडा’: ते पातळ असतं, त्यात धातूचा कीस असतो, ते कोरपर्यंत पोहोचत नाही, तुटक्या तारा मात्र झाकतं आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर ठिबकतं. रोप ब्रशने साफ करून, त्याच्यासाठीचंच वंगण, तो पुलीवर वाकतो तिथे लावा. तिथे स्ट्रँड जरा उघडतात. ‘एक माप जाड रोप घ्या’: पुलीची खाच जुन्याच मापाची, त्यात जाड रोप चिमटला जातो आणि लवकर मरतो. ‘यू-क्लॅम्प एकाआड एक उलटे लावा’ (रोपचं टोक दुमडून आवळायचे ते क्लॅम्प): मुळीच नाही. यू-बोल्ट नेहमी मोकळ्या टोकाकडे, त्याच्या समोरची बैठक भाराच्या रोपवर. उलटा लावलात तर बोल्ट भाराच्याच रोपला चावतो.

रात्री पावणेबाराला भाचा म्हणाला, “साहेबांना काय सांगू?” मानकाचा नंबर सांग म्हटलं.

सकाळी १ टनावर फेऱ्या झाल्या. मग रोपची जाडी मोजून लिहून ठेव, पुढची झीज याच मापाशी ताडायची, असं सांगितलं होतं. सव्वाअकराला व्हर्नियरचा फोटो आला: १४.९. “मामा, १६ चा रोप नवाच बारीक निघाला!” फोटोत व्हर्नियरचे जबडे सपाटीवर, शेजारशेजारच्या दोन-दोन स्ट्रँडवर टेकलेले. स्ट्रँडच्या माथ्यावर, समोरासमोरच्या दोन फुगवट्यांवर धर, खरी जाडी तीच, म्हटलं. दुसरा फोटो आला, १६.४.