‘रीमास्टर म्हणजे नुसता आवाज मोठा’: हॅरिसनच्या संचावरच्या संदेशाला उत्तर

गेले काही आठवडे पुण्यातल्या गाणी ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक लांबलचक संदेश फिरतो आहे. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या माणसांकडून आला. शेवटी आमच्या कोथरूडच्या काकांनीही तो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे वाच आणि पैसे वाचव.’ काकांकडे तीनशेच्या वर एलपी, म्हणजे सुईवर वाजणाऱ्या जुन्या तबकड्या, आहेत आणि त्यांच्या कानांवर माझा विश्वास आहे. म्हणूनच त्यांना, आणि त्यांच्या निमित्ताने बाकीच्यांना, सविस्तर उत्तर देतो आहे.

संदेशाचा रोख बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याच्या ‘द अ‍ॅपल इयर्स 1968–75’ या संचावर आहे. हा संच 2014 साली आला. त्यात सहा अल्बम आहेत: ‘वंडरवॉल म्युझिक’, ‘इलेक्ट्रॉनिक साउंड’, ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’, ‘लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड’, ‘डार्क हॉर्स’ आणि ‘एक्स्ट्रा टेक्स्चर’. सोबत एक डीव्हीडी आहे. संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं: रीमास्टर म्हणजे जुन्याच गाण्याचा आवाज वाढवून पुन्हा विकणं. डायनॅमिक रेंजचे, म्हणजे हळू आणि जोरात यांतल्या अंतराचे, आकडे हा त्याचा पुरावा. टेपेचा ‘सूंऽऽ’ आवाज तसाच आहे, म्हणजे काम काहीच केलेलं नाही. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’चा सहनिर्माता फिल स्पेक्टर याने भरलेला घुमारा मात्र कलाकाराच्या इच्छेविरुद्ध पुसून टाकला. खरा आवाज फक्त जुन्या एलपीत, आणि ती जुन्या बाजारात थोडक्या पैशांत मिळते. एवढं नको असेल तर स्ट्रीमिंगवर फुकट ऐका.

सुरुवात आवाजापासून करतो, कारण तिथे संदेशात अर्धं सत्य आहे. 1990नंतर सीडी जास्तीत जास्त मोठ्या आवाजात वाजावी यासाठी कंपन्यांमध्ये खरोखर चढाओढ लागली. लिमिटर, म्हणजे आवाजाला ठरावीक मर्यादेच्या वर न जाऊ देणारं साधन, लावून सर्वांत उंच टोकं दाबायची आणि मग सगळंच वर उचलायचं. यात ड्रमचा ठोका बोथट होतो, हळू आणि जोरात यांतलं अंतर संपतं, आणि अर्ध्या तासात कान थकतात. अशा सीडी माझ्याकडेही आहेत आणि त्या मी ऐकत नाही. पण एका काळातल्या वाईट कामावरून सगळ्या रीमास्टरना दोषी धरायचं, तर मग कुठलीच आवृत्ती ऐकून पाहायची गरज उरत नाही. हे मला मान्य नाही.

रीमास्टरचं खरं काम लिमिटरच्या बरंच आधी सुरू होतं. कुठल्या पिढीची टेप मिळते, मूळ की तिच्यावरून काढलेली प्रत, हा पहिला प्रश्न. सुरुवातीच्या काळात पुष्कळ सीडी एलपी कापण्यासाठी तयार केलेल्या प्रतींवरून निघाल्या. त्या प्रतींत खर्ज आणि वरचे सूर एलपीच्या सोयीने आधीच आवरलेले असत. मूळ टेप मिळाली, तर ती वाजवणाऱ्या यंत्राचं डोकं टेपेशी काटेकोर जुळवावं लागतं. ते किंचित तिरकं राहिलं तरी वरचे सूर मंदावतात. त्यानंतर स्वरांचा तोल आणि सर्वांत शेवटी पातळी. या संचाचं काम मूळ अ‍ॅनलॉग मास्टर टेपांवरून पॉल हिक्स, गॅव्हिन लर्सन आणि रूबेन कोहेन यांनी केलं. सहांपैकी चार अल्बम, म्हणजे ‘वंडरवॉल’, ‘इलेक्ट्रॉनिक साउंड’, ‘डार्क हॉर्स’ आणि ‘एक्स्ट्रा टेक्स्चर’, 1990च्या दशकात सीडीवर आले आणि त्यानंतर 2014पर्यंत त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. संदेशात यातलं एक अक्षर नाही. तो ‘ऑल थिंग्ज’वर सुरू होतो आणि तिथेच संपतो.

आता मोठ्या आवाजाचं. माणसाच्या कानाला जरा मोठं वाजलेलं गाणं चांगलंच वाटतं. हळू आवाजात आपल्याला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, आवाज वाढला की ते भरतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणजे दोन आवृत्त्यांची पातळी जुळवल्याशिवाय केलेली तुलना नव्याच्या बाजूने झाली तरी फोल आणि जुन्याच्या बाजूने झाली तरी फोल. मी जुनी सीडी, 2014ची सीडी आणि काकांची एलपी संगणकात घेतली, प्रत्येक गाण्याची सरासरी पातळी एकसारखी केली आणि मग ऐकलं. ‘ऑल थिंग्ज’मध्ये आधी जेवढा वाटला होता तेवढा फरक उरला नाही, हे कबूल करतो. ‘लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड’मध्ये मात्र तो उरला, आणि चांगला उरला.

त्या अल्बमच्या शीर्षकगीतात मध्येच रॉक थांबतो आणि तबला येतो. तो झाकीर हुसेन यांचा आहे. साल 1973, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. पुणेकराला हा तुकडा कसा ऐकायचा ते शिकवावं लागत नाही. सवाई गंधर्वच्या मांडवात रात्री जागवलेले कान आहेत आपले. डग्ग्याचा घुमारा ऐका. हाताच्या टाचेने दाब दिल्यावर सूर वर सरकतो आणि मग विरत जातो, ते विरणं जुन्या सीडीवर गिटारच्या खाली दबून जातं. 2014च्या तबकडीवर ते शेवटपर्यंत ऐकू येतं, आणि तेही पातळी जुळवलेली असताना. नुसता आवाज वाढवून हे होत नाही. उलट लिमिटरने सगळं दाबलं असतं, तर हाच घुमारा सर्वांत आधी सपाट झाला असता.

डायनॅमिक रेंजच्या आकड्यांबद्दल. संदेशात एक तक्ता आहे: एलपीपुढे मोठा आकडा, सीडीपुढे लहान, म्हणजे एलपी श्रेष्ठ. इथे फसगत होते ती मोजण्याच्या पद्धतीत. हे माप सर्वांत उंच टोकं आणि सरासरी मोठा आवाज यांतलं अंतर सांगतं. एलपी कापताना आणि वाजवताना सुरांचे आपापसांतले कालसंबंध किंचित हलतात, सुईची स्वतःची थरथर मिसळते आणि टोकं उंचावतात. एकच डिजिटल मास्टर, त्यात काडीचाही बदल न करता, एलपीवर कापून परत संगणकात घेतला तरी आकडा वाढलेला दिसतो. दाबलेलं काही सुटलेलं नसतं. म्हणून एलपीचा आकडा सीडीच्या आकड्याशेजारी ठेवणं चूक आहे. दोन सीडींची आपापसांत तुलना करायला हे माप थोडंफार उपयोगी पडतं, एवढीच त्याची मर्यादा.

टेपेचा ‘सूंऽऽ’ राहिला, म्हणजे काम झालं नाही, हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकला, कारण तो बरोबर उलटा आहे. तो आवाज राहू दिला हीच या संचातली मोठी समज आहे.

‘वंडरवॉल म्युझिक’चंच घ्या. बीटल्सपैकी कुणाचाही हा पहिला एकट्याचा अल्बम. तो 1968मध्ये निघाला आणि त्याचा मोठा भाग त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. तिथे स्टीरिओची सोय नव्हती, म्हणून ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणलं. दोनच ट्रॅक, म्हणजे वादक खोलीत जसे बसले आणि वाजवले तसेच टेपेवर उतरले, नंतर दुरुस्तीला जवळजवळ जागा नाही. याच अल्बमवर शिवकुमार शर्मांचं संतूर आहे, आशिष खाँचं सरोद आहे, महापुरुष मिश्रांचा तबला आहे. संतुराच्या तारेवर काडी पडली की पहिला टणत्कार क्षणात संपतो आणि मग वरच्या सुरांची एक बारीक शेपटी हवेत तरंगत राहते. ती शेपटी आणि टेपेचा ‘सूंऽऽ’ एकाच उंचीवर राहतात. ‘सूंऽऽ’ पुसायला घेतलात की शेपटीही जाते आणि संतूर पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखं वाजतं. जुन्या हिंदी आणि मराठी गाण्यांच्या ‘स्वच्छ’ केलेल्या किती सीडींची अशी वाट लागली आहे, ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. इथे ती लागलेली नाही. हॅरिसनच्या या संचात आपल्या मातीतल्या वादकांचा एवढा जपलेला आवाज आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याला तो एका ओळीच्या उल्लेखाच्याही योग्यतेचा वाटला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्पेक्टरचा घुमारा पुसला, हे विधान तर या संचाबद्दलचं नाहीच. रीमास्टर आणि रीमिक्स यांत इथे गल्लत झाली आहे. रीमिक्समध्ये गायकाचा आवाज, ड्रम, गिटार यांचे सुटे ट्रॅक घेऊन नव्याने जुळवणी करतात. रीमास्टरमध्ये हाती असते ती एकत्र झालेली दोन वाहिन्यांची टेप. तयार आमटी गरम करताना मीठ-गूळ जुळवता येतो, पण तिच्यातली मोहरी वेगळी काढता येत नाही. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’चं रीमिक्स झालं आहे, पण ते पन्नास वर्षांच्या निमित्ताने 2021 साली आलं. तेही पॉल हिक्स यांनीच केलं, हॅरिसनचा मुलगा धनी याच्या देखरेखीखाली. त्यात गाणाऱ्याचा आवाज पुढे आला आणि घुमारा आवरला गेला. 2014च्या संचात स्पेक्टरचा डोंगर जसाच्या तसा आहे.

आणि कलाकाराची इच्छा? हॅरिसन हयात असताना, जानेवारी 2001मध्ये, या अल्बमची नवी आवृत्ती त्याच्याच देखरेखीखाली निघाली. तिच्या पुस्तिकेत त्याने स्वतः लिहिलं आहे की काही गाणी त्या भल्यामोठ्या निर्मितीतून मोकळी करावीत असं त्याला वाटतं. त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला तो गेला. 2021चं रीमिक्स कुणाला आवडेल, कुणाला नाही. मला स्वतःला ‘वाह-वाह’मधला तो सगळा कल्लोळ जुन्या रूपातच हवासा वाटतो. पण ‘कलाकाराच्या इच्छेविरुद्ध’ हा शब्दप्रयोग इथे लागू होत नाही.

राहता राहिली एलपी. एलपीवर माझं प्रेम आहे. रविवारी सकाळी जुन्या बाजारात मीही उकिडवा बसून गठ्ठे चाळतो, आणि माझा अ‍ॅम्प्लिफायर तपकीर गल्लीतून मिळवलेल्या भागांवरच चालतो. पण ‘खरा आवाज फक्त एलपीत’ हे ऐकलं की मी काकांना ‘इझन्ट इट अ पिटी’ लावायला सांगतो. सात मिनिटांचं गाणं, हळू सुरू होतं, शेवटाकडे तंतुवाद्यं, ड्रम आणि कोरस एकावर एक चढत जातात. एलपीवर हे पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आहे. मिनिटाला 33⅓ फेऱ्या कायम असतात, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटीमीटर खाच सरकते, तर आत लेबलजवळ जेमतेम 21. म्हणजे गाणं जिथे सर्वांत भरतं, तिथे त्याला मावायला सर्वांत कमी जागा. नवीकोरी तबकडी आणि उत्तम सुई असली तरी तिथे ‘स’ फाटतो, झांजा चुरगळतात. जुन्या बाजारातली प्रत तर आधी कुणाच्या तरी घरी जड सुईखाली वर्षानुवर्षं वाजलेली असते, आणि तिच्यावर पुण्यातली धूळ आणि पावसाळ्यातली बुरशी बसलेली असते. सीडीच्या तबकडीला शेवटचं गाणं आणि पहिलं गाणं सारखंच. काकांच्या एलपीवर त्या कोरसमध्ये किती जण गातात हे मला कधीच कळलं नव्हतं. संचातल्या तबकडीवर आवाज थरांनी उभे राहतात.

काही गोष्टी मात्र कुठलाच रीमास्टर करू शकत नाही. ‘डार्क हॉर्स’च्या वेळी हॅरिसनचा घसा बसला होता आणि तो तसाच गायला. ते बसलेपण नव्या तबकडीवर जास्तच स्पष्ट ऐकू येतं. ‘इलेक्ट्रॉनिक साउंड’ म्हणजे मूग नावाच्या सिंथेसायझरचे (विजेवर सूर निर्माण करणाऱ्या वाद्याचे) दोन लांब तुकडे, ते पुन्हा पुन्हा ऐकावेत असं मला वाटलेलं नाही. ज्यांना फक्त ‘ऑल थिंग्ज’ हवा आहे, त्यांनी हा संच घेऊ नये. सगळे अल्बम तेव्हा सुटेही निघाले होते. ‘मटेरियल वर्ल्ड’ आणि ‘वंडरवॉल’ सुटे मिळाले तर माझ्या मते संचातलं सर्वांत मोलाचं हाती आलं.

स्ट्रीमिंगचा सल्ला तर संदेशाच्या पहिल्या ओळीलाच खोटं पाडतो. नवा रीमास्टर आला की स्ट्रीमिंगवर बहुतेक वेळा जुन्याच्या जागी तोच चढवतात. रीमास्टर टाकाऊ म्हणायचं आणि फुकटात रीमास्टरच ऐका सांगायचं, याला काय म्हणावं? शिवाय स्पॉटिफायसारख्या सेवा सगळ्या गाण्यांची पातळी उणे 14 एलयूएफएसच्या (हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणून ठेवतात. तिथे मोठ्या आवाजाचा फायदा कुणालाच मिळत नाही.

काका, रविवारी संध्याकाळी माझ्याकडे या. तुमची ‘ऑल थिंग्ज’ची एलपी घेऊन या, सुई गेल्या महिन्यात नवी बसवली आहे. पातळ्या मी आधी जुळवून ठेवतो, आणि कुठली आवृत्ती वाजते आहे ते तुम्ही मत दिल्यावरच सांगतो. डग्ग्यापासून सुरू करू.