निंदेचे बारा शब्द आणि अर्थ एकच? साफ खोटं

माझी भाची राज्यसेवेची तयारी करते आहे. अभ्यासाच्या ग्रुपवर फिरणारी इंग्रजी शब्दांची एक यादी तिने मला पाठवली आणि विचारलं, "मावशी, एवढं पाठ केलं की झालं ना?" यादीचं नाव 'निंदा करणे : १२ शब्द, अर्थ एकच'. कंडेम, डिनाउन्स, डिप्लोअर, डिक्राय, सेन्शर, रेप्रिमांड, बिरेट, डेनिग्रेट वगैरे, आणि त्यात चक्क कंडोन! खाली ठणकावून लिहिलं आहे की सगळ्यांचा अर्थ तोच, एकाच्या जागी दुसरा बिनधास्त वापरा, मोठमोठे परदेशी नेतेही तेच करतात. हे वाचून रिकामं बसवेना.

आधी कंडोन, कारण तिथे घोडचूक आहे. कंडोन म्हणजे निंदा नव्हेच. चूक दिसत असूनही ती पोटात घालणं, माफ करणं म्हणजे कंडोन. कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही 'विलंब माफीचा अर्ज' ठाऊक असतो. अपिलाला उशीर झाला की १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ५ खाली पुरेसं कारण दाखवून तो करतात, आणि त्यालाच इंग्रजीत कंडोनेशन ऑफ डिले म्हणतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्येही हाच शब्द आहे: क्रूरतेच्या कारणावरून दाद मागणाऱ्याने ती क्रूरता कंडोन केलेली नसावी. पुण्यात सुरू झालेला असा एक खटला सुप्रीम कोर्टात गेला. १९७५ च्या निकालात कोर्टाने पत्नीचं वागणं क्रूर होतं हे मान्य केलं, पण पतीने ते माफ करून संसार चालू ठेवला होता, म्हणून न्यायिक विभक्ततेची (घटस्फोट न घेता वेगळं राहण्याची) त्याची मागणी फेटाळली. सगळा निकाल त्या एका शब्दावर फिरला. या यादीचा अर्थ धरला तर पतीने क्रूरतेची निंदा केली म्हणून तो हरला, असं वाचावं लागेल! 'कंडेम'शी स्पेलिंग जुळतं एवढ्यावर कुणीतरी तो शब्द यादीत कोंबला आणि शेकडो मुलं आता तो पाठ करताहेत.

आता 'एकाच्या जागी दुसरा'. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढच्या ठरावाच्या मसुद्यात आधी 'कंडेम' होतं. चीनने विरोधात मत देऊ नये म्हणून ते काढून 'डिप्लोअर' घातलं गेलं. २५ फेब्रुवारीला मतदान झालं. ठरावाच्या बाजूने ११ मतं पडली, रशियाने नकाराधिकार वापरला आणि चीन, भारत, संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले. अर्थ एकच असता तर मुत्सद्द्यांनी त्या एका क्रियापदावर घासाघीस कशाला केली असती? २ मार्चला आमसभेने १४१ मतांनी ठराव संमत केला, त्यात तर दोन्ही शब्द आहेत: आक्रमणाबद्दल अत्यंत कडक शब्दांत 'डिप्लोअर', आणि आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याच्या उल्लंघनांबद्दल 'कंडेम'. कंडेम म्हणजे दोषी ठरवून निकाल देणं. एसटीची गाडी 'कंडम' होते ती याच शब्दावरून, निकालात काढलेली. डिप्लोअरमध्ये तीव्र नापसंती आहेच, पण खेदही आहे, आणि दोषीपणाचा शिक्का तितका ठळक नाही. नेते आलटून पालटून वापरतात हा दावा इथेच संपतो.

सेन्शरचं दुखणं वेगळं. भाचीला ज्या नोकरीत जायचं आहे तिथे ही शिक्षा आहे. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांत किरकोळ शिक्षांमध्ये पहिली तीच, मराठीत ठपका ठेवणे. त्याआधी लेखी खुलासा मागवावा लागतो. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून झापलं तर ते सेन्शर होत नाही, ते बिरेट. रेप्रिमांड ही वरिष्ठाने अधिकाराने दिलेली समज.

एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. या शब्दांच्या सीमा कधी कधी मिसळतात. अमेरिकी सिनेटने २ डिसेंबर १९५४ रोजी आपलेच सदस्य जोसेफ मॅकार्थी यांच्याविरुद्ध ६७ विरुद्ध २२ मतांनी ठराव केला. त्यात शब्द 'कंडेम' आहे, तरी सिनेट त्याची गणना सेन्शरमध्येच करते. वस्तुनिष्ठ प्रश्नात 'सर्वांत जवळचा शब्द' विचारला तर कंडेमला डिनाउन्स लावायला माझी हरकत नाही. पण जवळचा म्हणजे तोच नव्हे.

बाकीचे थोडक्यात. डिनाउन्स म्हणजे चारचौघांत उघड धिक्कार, आणि कराराबाबत वापरला तर त्यातून बाहेर पडत असल्याची रीतसर सूचना. डिक्राय बहुधा एखाद्या प्रथेविरुद्ध किंवा धोरणाविरुद्ध जाहीरपणे बोलताना येतो. डेनिग्रेट म्हणजे एखाद्याला अन्यायाने कमी लेखणं, त्याची किंमत पाडणं. निबंधात 'आय डेनिग्रेट करप्शन' लिहिलं तर भ्रष्टाचाराला उगाच नावं ठेवतो असा त्याचा सूर निघतो, आणि तपासणारा तिथेच लाल रेघ ओढेल.

ही यादी ज्यांनी पुढे पाठवली त्यांनी त्याच ग्रुपवर दुरुस्तीही पाठवावी. अकरा शब्दांचे फरक सावकाश शिका, पण कंडोन आजच खोडा.