ताई, तुमच्या तिकडची गावं

माझ्या चुलतभावाला अमेरिकेतली छोटी गावं फार आवडतात. तो चिपळूणला असतो, अमेरिकेत कधी आलेला नाही, पण कुणाकुणाचे व्हिडिओ बघतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. परवा ब्लोइंग रॉक होतं, त्याआधी बोफर्ट. पांढरी लाकडी घरं, पडवीत डुलत्या खुर्च्या, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. खाली त्याची ठरलेली ओळ: 'ताई, तुमच्या तिकडची गावं बघ. नाहीतर आपल्याकडे, सगळा उकिरडा.' आणि त्याच ग्रुपवर पूररेषेचा (निळी रेषा लहान पुराची, लाल मोठ्या पुराची) विषय निघाला की हाच माणूस लिहितो, 'या निळ्या-लाल रेषा मारून बांधकामं थांबवायची आणि गाव मारायचं.' पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा आला की 'यांना कोकणाचं प्राणिसंग्रहालय करायचंय.'

यातलं कुठलंही एक वाक्य मी ऐकून घेईन. दोन्ही एकाच तोंडून आली की डोकं फिरतं.

मी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहते. इथला भूगोल आपल्यासारखाच, फक्त उलटा. डोंगर पश्चिमेला, समुद्र पूर्वेला, मधे आमचं पठार. सूर्य समुद्रातून उगवतो याची मला अजून सवय झालेली नाही. पूर्वेकडे गेलं की दोन-अडीच तासांत खाड्या लागतात, आय-४० महामार्ग धरून उलट्या दिशेला गेलं की चार तासांत ब्लू रिजचे डोंगर. भारतातून कुणी आलं की त्यांना ही गावं दाखवायचं काम माझं. त्यामुळे भावाच्या व्हिडिओतली बहुतेक गावं मी पार्किंग कुठे मिळतं इथपासून ओळखते.

आता इडेंटन घ्या. अल्बेमार्ल साउंड या खाडीच्या काठचं गाव. १७६७ साली बांधलेलं कोर्ट, समोर पाण्यापर्यंत उतरत गेलेली हिरवळ, आणि तोफेवर बसवलेली ब्राँझची चहाची किटली. ऑक्टोबर १७७४मध्ये इथल्या ५१ बायकांनी, इंग्रजांचा माल घेणार नाही, अशा ठरावावर स्वतःच्या नावाने सह्या केल्या, त्याची ती आठवण. आलेला प्रत्येक पाहुणा किटलीपाशी फोटो काढतो आणि म्हणतो, यांनी कसं जपलंय बघा!

जपलं वगैरे काही नाही. पैसाच गेला. १७९५च्या वादळाने रोनोक इनलेट, म्हणजे समुद्रातून आत यायचं तोंड, वाळूने भरलं, जहाजांची वाट बुजली. दहा वर्षांनी डिस्मल स्वँप या दलदलीतून कालवा निघाला आणि उरलासुरला व्यापार व्हर्जिनियात नॉरफोकला गेला. जुनी घरं पाडून नवी बांधायला लागणारी श्रीमंती इडेंटनला पुढे आलीच नाही. ती उभी राहिली, आणि मग दीडशे वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की ती सुंदर आहेत.

आमच्या चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या मुखाशी दाभोळ आहे. तेही असंच मागे पडलेलं बंदर. एके काळी मक्केला जाणारी गलबतं तिथून सुटत. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. सतराव्या शतकातली मशीद अजून पाण्याजवळ आहे. भावाला विचारलं, दाभोळला शेवटचा कधी गेलास? म्हणाला, जातो की, धोपाव्याच्या फेरीबोटीत गाडी चढवायला. मशीद बघितलीस? बोटीतून दिसते.

इडेंटनला मी पाहुण्यांना अजून एक पाटी दाखवते, आणि तिथे फोटो कमी निघतात. हॅरिएट जेकब्स या गावात १८१३ साली गुलामगिरीत जन्मली. मालकापासून सुटण्यासाठी ती आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. तिने स्वतः लिहून ठेवलंय की त्या जागेची उंची जास्तीत जास्त तीन फूट होती. १८४२ साली ती बोटीने उत्तरेकडे निसटली. व्हिडिओत डुलणाऱ्या खुर्च्या ज्या पडव्यांत आहेत, तसल्याच पडव्यांचं हे गाव. हे मी ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, 'ताई, तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.' आहेच. पण ती मी इथे आल्यावर लागलेली नाही, ती आमच्या आजीकडून आलेली आहे. आणि खरं सांगायचं तर इडेंटनचं स्वच्छतागृह मला खोट न काढता आवडतं. गुहागरला आल्यावर जे होतं ते मी इथे लिहीत नाही.

मुद्दा डोंगरांचा आहे, तिकडे येते. ब्लोइंग रॉकच्या व्हिडिओत भावाला काय भावलं? एकामागे एक निळसर होत गेलेल्या डोंगरांच्या रांगा, आणि माथ्यावर काहीही नाही. ते 'काहीही नाही' आपोआप आलेलं नाही. तिथून जवळ शुगर माउंटन आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या माथ्यावर कुणीतरी दहा मजली इमारत उभी केली. ती मैलोगणती लांबून दिसायला लागली आणि लोक इतके भडकले की १९८३ साली विधिमंडळाने कायदा केला: उंच डोंगरांच्या माथ्यावर चाळीस फुटांपेक्षा उंच इमारत बांधायची नाही. ती इमारत तशीच आहे. ग्रँडफादर माउंटनच्या बाजूला गेलं की अजून नजरेत येते. तिच्यासारखी दुसरी झाली नाही. म्हणजे माझ्या भावाला जे आवडतं ते म्हणजे बांधकामबंदी. त्याच्या शब्दांत, प्राणिसंग्रहालय.

हे सुनावून मी एक दिवस खूश होते. पण पुढची गोष्ट त्याच्या बाजूची आहे, आणि ती मी त्याला सांगितलेली नाही. २००४मध्ये इव्हान वादळात मेकन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) पीक्स क्रीकला दरड कोसळली, पाच माणसं गेली. त्यानंतर राज्याने डोंगराळ काउंट्यांचे दरडींचे नकाशे करायला घेतले. कुठला उतार घसरू शकतो ते घरागणिक कळावं म्हणून. मग जमिनीचे भाव पडतील, आमच्या मालकीच्या जागेत सरकारने नाक खुपसू नये, अशी ओरड सुरू झाली. चारच काउंट्यांचे नकाशे झाले होते, आणि २०११ साली विधिमंडळाने त्या कामाचे पैसेच बंद केले. ते परत सुरू झालं २०१८मध्ये.

२०११. त्याच साली आपल्याकडे गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल दिला. पुढे काय झालं ते माळीण, तळिये, इर्शाळवाडी या नावांतून सगळ्यांना माहीत आहे. ३१ जुलै २०२४ला, वायनाडच्या दरडीनंतर दुसऱ्याच दिवशी, संवेदनशील क्षेत्राचा मसुदा सहाव्यांदा निघाला. महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर. तेव्हा भावाने टाकलेला निषेधाचा निरोप आणि इथल्या जमीनमालकांची तेव्हाची कुरकूर शेजारी शेजारी ठेवली तर कुठली कोकणातली आणि कुठली इथल्या ॲपॅलाचियन डोंगरांतली हे सांगता येणार नाही. इथलेही लोक शहरातून येऊन शिकवणाऱ्यांवर खार खाऊन असतात. त्यांच्या दृष्टीने मी कॅरीची, म्हणजे शहरातली. भावाच्या दृष्टीने तर विचारायलाच नको.

आणि मग हेलीन वादळ आलं. २७ सप्टेंबर २०२४. चिमनी रॉक गावातला रस्ता आणि दुकानं ब्रॉड नदीने नेली. नदीकाठचं मार्शल गाव बुडालं. पिजन नदीच्या घळीत आय-४०चा अर्धा रस्ता नदीत गेला. ॲशव्हिल शहराच्या नळाला पिण्याजोगं पाणी यायला ५३ दिवस लागले. १९१६च्या पुराच्या खुणा तिथे दाखवतात, त्याच्याही वर पाणी गेलं. मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'आमच्याकडे फार मोठा पूर आलाय.' आईचा फोन आला, अगं, इथे तर ऊन पडलंय.

पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी आम्ही काही मराठी घरं मिळून मार्शलला गेलो. रबरी बूट, मास्क, फावडी. दुकानांतला गाळ बादल्यांनी बाहेर काढायचा. वास अगदी ओळखीचा होता, म्हणजे मला तो ओळखीचा वाटला, पण का ते कळेना. कारण २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं तेव्हा मी तिथे नव्हते. इथे रात्र होती, फोन लागत नव्हते, आणि मी कुणाच्या तरी गच्चीवरून काढलेला व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून आमचं छप्पर शोधत होते. १८६४ सालचं आमचं वाचन मंदिर २००५नंतर दुसऱ्यांदा पाण्यात गेलं, त्यातल्या भिजलेल्या पुस्तकांचे ढीग मी फोटोत पाहिले. पैसे पाठवले. चिपळूणचा गाळ काही माझ्या बुटाला लागला नाही. लागला तो मार्शलचा, जिथे माझं कुणी नाही. तिथे एका बाईने विचारलं, कुठून आलात सगळे? मी म्हणाले, कॅरी. तिने पुढे 'तसं नव्हे, मूळच्या कुठल्या' असं विचारलं नाही, आणि याचं मला इतकं बरं वाटलं की घरी येताना गाडीत त्याची लाज वाटली.

हे सगळं भावाला मान्य होण्यासारखं नाही, कारण त्याचा प्रश्न वेगळाच आहे. बाजारपेठेतलं आमचं घर सामायिक आहे. २०२१ला पाणी माळ्याला टेकलं होतं. बिल्डर आलाय, सगळ्यांची संमती हवीय, माझीही. मी लिहिलं, 'जुनं घर पाडू नका.' त्यावर त्याचं उत्तर: 'काकांचं कपाट, गाद्या, देव्हारा, सगळं चिखलातून मी बाहेर काढलं. तू फोटोत बघितलंस. जुनं घर जपायचं असेल तर येऊन राहा.'

याला काय उत्तर असतं? मी विनाइल साइडिंगच्या, म्हणजे बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या लावलेल्या घरात राहते. दाराला कोणता रंग द्यायचा ते एचओएला, म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांच्या संघटनेला विचारते, कुंपणाची उंची विचारते, झाड तोडायचं तरी विचारते, आणि आजवर आमच्या गल्लीत कुणी याला विकासाच्या आड येणं म्हटलेलं नाही. हे मी त्याला लिहिलंही. तो म्हणाला, तुम्हाला परवडतं.

बरं, परवडतं. म्हणून मी घर पाडायला विरोध सोडला आहे. आता माझी अट एवढीच: जागा दोन्ही रेषांच्या मधे येते, तर जोतं लाल रेषेच्या वर घ्या आणि खाली फक्त गाड्या लावा, गाळे काढू नका. बिल्डर म्हणतो, बाजारपेठेत रस्त्याच्या पातळीला गाळे नसतील तर हिशेबच बसत नाही. भाऊ म्हणतो, त्याचं बरोबर आहे, गिऱ्हाईक जिना चढून येत नाही. मलाही ते कळतं. मार्शलमध्ये आम्ही ज्यांचा गाळ उपसला त्यातली बरीच दुकानं त्याच रस्त्यावर, त्याच पातळीला परत उघडली आहेत. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कडा, जातील कुठे? पण चिपळूणच्या गाळ्यांवर मी अडून बसले आहे. भाऊ वैतागलाय, आणि ग्रुपवर गावांचे व्हिडिओ टाकायचं त्याने थांबवलं आहे.