जंतू निम्म्या जगाच्या पोटात आहे, म्हणून तो निर्दोष ठरत नाही

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जठराचा दाह आणि अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे होतो ही नुसती भीती आहे. जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाही. आणि असला तरी तो निम्म्या जगाच्या पोटात आहे, त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही, म्हणजे तो निरुपद्रवी. एकाच घरात एकालाच त्रास होतो, तेव्हा दोष त्याच्या तिखट खाण्याचा आणि टेन्शनचा. प्रतिकारशक्ती वाढवा, रोज हळद घ्या, तपासणी आणि चौदा दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स टाळा.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. हा मजकूर वाचून कोणी अर्ध्यात औषध सोडलं तर त्याचं खरंच नुकसान होणार आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आम्लाचा मुद्दा लवकर मिटतो. १९८० च्या आधी वैद्यकशास्त्रातही बहुतेकांचा हाच समज होता. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन यांना रुग्णांच्या जठरातून काढलेल्या तुकड्यांत नागमोडी जंतू दिसत होते. १९८२ मध्ये बॅरी मार्शल यांच्यासोबत त्यांनी ते प्रयोगशाळेत वाढवले. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचं मिश्रण स्वतः प्यायलं. थोड्याच दिवसांत त्यांना त्रास सुरू झाला आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराला दाह झालेला दिसला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हाच तो हेलिकोबॅक्टर पायलोरी. त्याच्याकडचं यूरिएज हे विकर (एन्झाइम) आपल्याच शरीरातला यूरिया फोडून अमोनिया तयार करतं आणि जंतूभोवतालचं आम्ल तेवढ्यापुरतं मारतं. तेवढ्या वेळात तो आम्लातून निसटून जठराच्या अस्तरावरच्या चिकट थरात, म्हणजे श्लेष्म्यात शिरतो. तिथे पेशींच्या जवळ आम्लता फारच कमी असते.

आता सगळ्यात पटण्यासारखा वाटणारा मुद्दा: निम्म्या जगाच्या पोटात आहे, मग दोष जंतूचा कसा? यातली आकडेवारी साधारण बरोबर आहे. जंतू बाळगणाऱ्या शंभर जणांपैकी दहा ते वीस जणांना आयुष्यात कधीतरी अल्सर होतो, एक-दोघांना जठराचा कर्करोग. बाकीच्यांना बहुधा काही जाणवतही नाही. पण काही जाणवत नाही म्हणजे काही होत नाही असं नाही. जंतू असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या जठरात सूक्ष्मदर्शकाखाली दाह दिसतोच. तो किती वाढतो आणि जठराच्या कोणत्या भागात वाढतो, हे जंतूच्या उपप्रकारावर आणि आपलं शरीर स्वतः बनवतं त्या प्रथिनांवर ठरतं.

श्लेष्म्याचा थर सतत झडत असतो आणि जठर सगळं खाली ढकलत असतं. कृष्णेला पूर आला की सुटी होडी वाहून जाते, खुंट्याला बांधलेली टिकते. जंतूलाही तसाच खुंटा लागतो, आणि हे खुंटे आपल्या शरीराचे असतात. आपल्या श्लेष्म्यातल्या आणि पेशींवरच्या प्रथिनांना शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. लुईस-बी ही त्यातली एक. जंतू तिला घट्ट धरतो, हे १९९३ मध्ये समजलं. ही साखळी पूर्ण करायला आपलं एक विकर लागतं. काही माणसांमध्ये ते जन्मतःच काम करत नाही, त्यामुळे त्यांच्या जठरात हा खुंटाच नसतो. मग जंतूला दुसरा शोधावा लागतो.

दुसरे आहेतच. पेशींच्या पृष्ठभागावर सीॲकॅम नावाची प्रथिनं असतात. २०१६ मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवलं, की जंतू आपल्या हॉप-क्यू या प्रथिनाने त्यांना धरतो. अशी पकड बसली की त्याचं सुईसारखं यंत्र कॅग-ए हे प्रथिन थेट आपल्या पेशीत सोडू शकतं. आत गेल्यावर आपलीच विकरं त्यावर फॉस्फेट चढवतात. मग ते आपल्या एसएचपी-२ या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि पेशीच्या वाढीचे व आकाराचे इशारे बिघडवतं. याहून वाईट म्हणजे दाह झालेल्या अस्तरावर सीॲकॅम वाढतात, शिवाय सायलिल-लुईस-एक्स ही आणखी एक शर्करा वाढते आणि तिलाही हा जंतू धरतो. म्हणजे दाह जितका जुना, तितकी पकड घट्ट.

उलट बाजूने काम करणारी प्रथिनंही आहेत, आणि मला स्वतःला त्यातलं म्यूक-१ फार विलक्षण वाटतं. ते अस्तराच्या पेशींवर उभं असतं. जंतू त्याला चिकटला की त्याचा वरचा भाग सुटतो आणि जंतूला घेऊन वाहून जातो. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या जठरात जंतू जास्त संख्येने वसतात आणि दाहही जास्त होतो.

एवढं सगळं माणसागणिक वेगळं असताना परिणाम सगळ्यांत सारखा कसा असेल? बहुतेकांना अल्सर होत नाही, याचं कारण त्यांच्या आणि जंतूच्या प्रथिनांचं जुळणं तसं आहे. तेवढ्यावरून जंतू सोज्वळ ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

एका घरात एकालाच त्रास, या मुद्द्याचं उत्तर इथेच मिळतं. संसर्ग बहुधा लहानपणी घरातच होतो. जंतू सगळ्यांना तोच मिळाला तरी सख्ख्या भावंडांचीही प्रथिनं तंतोतंत सारखी नसतात. एकाचा दाह जठराच्या खालच्या टोकाला राहतो, आम्ल वाढतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होतो. दुसऱ्याचा दाह वर पसरतो, आम्ल तयार करणाऱ्या पेशी झिजतात, आम्ल घटतं, आणि कर्करोगाचा धोका या वाटेवर असतो. तिखटाने जळजळ वाढू शकते, पण ठेचा खाल्ल्याने अल्सर तयार होत नाही. आणि टेन्शनचं म्हणाल, तर आपल्याकडे हा शिक्का बहुतेक वेळा घरातल्या बाईवरच बसतो. ‘तू फार मनाला लावून घेतेस’ असं ऐकत ती वर्षानुवर्षं मेडिकलमधली पित्ताची गोळी घेत राहते आणि तपासणी होतच नाही. हे मला सहन होत नाही.

जंतूशिवाय दुसरं मोठं कारण आहेच: अंगदुखी-सांधेदुखीच्या गोळ्या. उसाच्या आणि द्राक्षाच्या कामात पाठ धरली की चिठ्ठीशिवाय घेतलेल्या या गोळ्या जठराचं रक्षण करणारे प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. त्या मजकुरात यांचा उल्लेखसुद्धा नाही.

प्रतिकारशक्तीचा सल्ला तर पूर्ण उलटा आहे. दाह हीच प्रतिकारशक्तीची कृती आहे. पेशीच्या आतलं नॉड-१ हे प्रथिन जंतूच्या भिंतीचे तुकडे ओळखतं, इंटरल्यूकिन-८ हे बोलावणं धाडणारं प्रथिन सुटतं, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि अस्तराची बरीचशी मोडतोड त्यांच्याच माऱ्यात होते. प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात, तरी जंतू जात नाही. उपचार न केल्यास तो बहुधा आयुष्यभर राहतो. मुलांमध्ये दाहाला आवर घालणाऱ्या पेशी जास्त सक्रिय असतात, म्हणून संसर्ग असूनही त्यांच्यात अल्सर कमी.

इंटरल्यूकिन-१ बीटाचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. हे प्रथिन दाह पेटवतं, वर आम्लही जोरात दाबतं. २००० साली स्कॉटलंड आणि पोलंडमधल्या लोकांच्या अभ्यासातून दिसलं, की या प्रथिनाच्या जनुकाचे ठरावीक प्रकार असलेल्यांमध्ये संसर्गानंतर आम्ल घटण्याचं आणि जठराच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त होतं. २००८ मध्ये उंदरांच्या जठरात माणसाचं हेच प्रथिन जास्त तयार करवलं, तर जंतू न देताही दाह आणि पुढे कर्करोग झाला. पुढचे अभ्यास प्रत्येक देशात सारखे आले नाहीत, त्यामुळे यासाठी जनुकांची तपासणी करून घ्या असं कोणी सांगत नाही. पण अशा माणसाला ‘प्रतिकारशक्ती आणखी वाढवा’ म्हणणं चुकीचं आहे, एवढं यावरून नक्की कळतं.

हळदीबद्दल दोनच वाक्यं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती स्वयंपाकात हवीच. तिच्यातलं कुर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या बशीत या जंतूची वाढ रोखतं, पण नुसत्या हळदीने माणसाच्या जठरातून जंतू गेल्याचं सिद्ध झालेलं नाही.

तपासणी अवघड नाही. फुंकून करायची यूरिया चाचणी असते, शौचाची चाचणी असते, दुर्बिणीतून तुकडाही घेता येतो. मात्र पित्ताची गोळी चालू असेल तर जंतू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. म्हणून फुंकण्याच्या किंवा शौचाच्या चाचणीआधी डॉक्टरांना विचारून ती दोन आठवडे बंद ठेवतात, आणि अँटिबायोटिक संपून चार आठवडे झालेले असावे लागतात. रक्तातल्या प्रतिपिंडांच्या चाचणीवरून संसर्ग आत्ताचा की जुना हे कळत नाही. कोर्स अर्ध्यात सोडला तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकबाबत ही अडचण आधीच मोठी झाली आहे. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला का, हे पुन्हा तपासावं लागतं.

शौच डांबरासारखी काळी होत असेल, वजन आपोआप घटत असेल, गिळताना अडकत असेल, तर थेट दुर्बिणीची तपासणी करून घ्या. आणि आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर काही त्रास नसतानाही या जंतूची तपासणी करून घ्या. त्या घरात जंतू आणि प्रथिनं, दोन्ही सामायिक असण्याची शक्यता जास्त असते.