मुद्रक आम्हीच

आज सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात एक पोरगं सायकलवरून आलं आणि जिभाऊंच्या नातवाची लग्नपत्रिका हातात ठेवून गेलं. पत्रिकेत 'शुभाशिर्वाद' छापलंय. शि ऱ्हस्व! 'आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं' यातला 'हं' कुठेतरी पडून गेलाय. आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, 'मुद्रक' असं लिहून माझ्या दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर.

ही पत्रिका मी छापलेली नाही, हे आता अख्ख्या अमळनेरला दारोदार जाऊन सांगू का?

झालं ते असं. दुकानातल्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. धोका आहे, धोका आहे असं रोज स्क्रीनवर वाचून शेवटी दिवाळीनंतर एका मंगळवारी मी अपग्रेड केलं. अपग्रेड नीट झालं. नवं रूप छान, गोल गोल कोपरे. फक्त 'पत्रिका' नावाच्या फोल्डरवर टिचकी मारली की एक निळं कडं फिरायला लागायचं आणि ते फिरतच राहायचं. २००६ पासूनच्या पत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, 'हार्दिक अभिनंदन'चे बॅनर, सगळं त्यात. प्रत्येक फाईल उघडण्याआधी सिस्टिम तिची सुरक्षा-तपासणी करत होती. मीच बनवलेली, मीच सेव्ह केलेली, एकोणीस वर्षं या दुकानाबाहेर पाऊल न टाकलेली फाईल!

नेमक्या त्याच वेळी जिभाऊ आले. पत्रिका आठवड्यापूर्वीच तयार होती, प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर मंजूर होतं. पण निमंत्रकांत एका पाव्हण्याचं नाव राहिलं आणि तो रुसला. एक नाव घालायचं, बस. दोन मिनिटांचं काम म्हणून मी त्यांना स्टूल दिलं. तिथेच चुकलो.

जिभाऊ म्हणजे नगरपालिकेच्या जकात नाक्यावरून निवृत्त झालेले कारकून. नाके कधीच उठले, पण जिभाऊंच्या डोळ्यांतला नाका उठलेला नाही. समोरून कोणी पिशवी घेऊन गेलं तरी त्यांची नजर आधी पिशवीच्या तळाला जाते.

"हाई काय फिरी ऱ्हायनं भो?" त्यांनी कड्याकडे बोट दाखवलं.

"फाईल तपासतंय, जिभाऊ."

"कोन?"

"कॉम्प्युटरच."

"कोनी फाईल?"

"माझीच."

जिभाऊंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला. "म्हंजे तुन्हं मशीन तुलेच वयखत नही?"

मी त्यांना भाच्याने फोनवर सांगितलेलं समजावू लागलो. भाचा हिंजवडीत असतो. त्याचं म्हणणं असं, की तपासलेल्या आणि नंतर न बदललेल्या फाईलींची नोंद सिस्टिम ठेवते, म्हणजे त्या पुन्हा पुन्हा तपासाव्या लागत नाहीत. अपग्रेडमध्ये ती नोंद पुसली गेली असणार. आता तिच्या लेखी सगळंच नवं, सगळंच संशयित.

जिभाऊ खुलले. एवढे, की मला वाटलं आता पेन्शन वाढल्याची बातमी सांगतात.

"आस्सं सांग ना मंग! नवा कारकून उना म्हन. नाकावर असंच व्हये. जुना माणूस पावती देखी का गाडी सोडी दे. नवा उना का समदी पोती खाले उतराले लावे. गूळ लिखेल शे? फोड पोतं. वास ले." इथे त्यांनी माझ्या टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उचलून खरोखरच वास घेतला. "कापूस खरेदीले बी इतला टाईम नही लागत. मशीन खुपसस, आठ टक्का ओल, बारा टक्का ओल, चाल पुढे. हाई तुन्हं एक पत्रिकानी ओल मोजी ऱ्हायनं का?"

कडं फिरत होतं. मी चहा मागवला.

"मंग वयखीनी गाडी सोडी देवानी सोय नही का याम्हा?"

सोय आहे, हीच तर गंमत. भाचाही तेच म्हणाला होता: मामा, तो फोल्डर अपवादांच्या यादीत टाकून दे, तपासणीच होणार नाही. पण माझा हात धजत नव्हता. आमच्या धंद्यात दिवसाला दहा पेनड्राइव्ह येतात आणि त्यातले निम्मे आजारी असतात. एकदा तर एका पेनड्राइव्हने माझ्याकडच्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकले होते आणि भर लग्नसराईत तीन दिवस दुकान बंद. मी हे सांगितलं तर जिभाऊ गंभीर झाले. त्यांच्या नाक्यावर म्हणे एका ओळखीच्या सेठची गाडी वर्षानुवर्षं न उघडता सुटायची. वर गूळ, खाली साबणाच्या पेट्या. "तव्हय मन्हीच वयख व्हती," एवढं बोलून ते चहाच्या कपात बघत बसले. त्या साबणातल्या काही वड्या कुठे गेल्या, हे विचारायचं मी टाळलं.

तसा व्हायरसवाल्यांचाही एक जमाना सभ्य होता. पीसीवरचा पहिला व्हायरस १९८६ चा, लाहोरच्या दोन भावांनी केलेला. त्यात त्यांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. म्हणजे जवळजवळ पत्रिकाच. खाली मुद्रक लिहायचा तेवढा राहिला. आणि आमचं गाव तरी काय साधं आहे? १९४५ मध्ये इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली. आयटीची एक गंगोत्री बोरीच्या काठाला, आणि त्याच काठावर मी एक 'श्री. व सौ.' घालता येत नाही म्हणून बसलोय.

जिभाऊंनी मंगळग्रह मंदिरात अभिषेक सुचवला. कॉम्प्युटरला मंगळ असू शकतो का, यावर आमची पाच मिनिटं गेली. कडं फिरतच होतं. मग ते एकदम म्हणाले, "मी जित्ता शे, हाई माले दर नोव्हेंबरले सांगनं पडस."

मला आधी कळलं नाही.

"हयातीना दाखला. मी सोता बठेल शे समोर, तरी म्हने आंगठा ठेवा. आंगठा उमटत नही. जिंदगीभर पावत्या फाडी फाडी घसायी गया. मंग म्हने पुन्हा ठेवा. सोता समोर बठेल माणूसले, भो!"

यावर हसायचं ठरवलं होतं मी, जमलं नाही. बँकेत केवायसी, गॅसला केवायसी, रेशनला केवायसी. चाळीस वर्षं एकाच गल्लीत राहणाऱ्या माणसाने दर थोड्या महिन्यांनी आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं. साबणाच्या पेट्या नेणारे नेतातच. गूळवाल्याची पोती मात्र फोडून बघायची. बरं, हे सगळं माझ्या भल्यासाठी आहे म्हणे, त्यामुळे चिडायचीही सोय नाही.

पाऊण तासाने जिभाऊ उठले. "तुन्ही गाडी नाकावरच ऱ्हावू दे. मी समोर जास."

समोर म्हणजे मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. त्या पोराने व्हॉट्सअ‍ॅपवरचं माझंच प्रूफ उचललं, कुठल्याशा अ‍ॅपमध्ये काही ओळी खोडून पुन्हा टाईप केल्या, आणि खालची मुंगीची अक्षरं त्याला दिसलीच नाहीत. वीस मिनिटांत काम. तपासणी शून्य.

रात्री भाच्याने शोध लावला. मी कधीकाळी घेतलेला दुसरा अँटिव्हायरस, मुदत संपून दोन वर्षं झालेला, अजून मशीनमध्येच बसून होता. रिटायर होऊनही रोज ऑफिसात येणाऱ्या साहेबासारखा. तो आणि नव्या सिस्टिमचा स्वतःचा अँटिव्हायरस, दोघेही एकेक फाईल उघडून बघत होते, आणि माझी जुनी हार्डडिस्क दोघांना पुरी पडत नव्हती. जुना उपटून काढला, मशीन बंद करून चालू केलं, आणि उरलेली तपासणी रात्रभर होऊ दिली. टास्क मॅनेजरमध्ये शंभर टक्क्यांवर अडकलेली डिस्क सकाळी सहा टक्क्यांवर आली होती. जिभाऊंच्या नातवाची पत्रिका टिचकीसरशी उघडली. पाव्हण्याचं नाव घातलं. 'शुभाशीर्वाद', शी दीर्घ. अगदी देखणी दिसते. बघायला कोणी नाही.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. तो रुसलेला पाव्हणा. पत्रिकेत त्याचं नाव आहे, पण वडिलांचं आद्याक्षर भलत्याचंच पडलंय, आणि खाली मुद्रक म्हणून माझाच नंबर आहे.

"काय हो," तो ओरडला, "छापण्याआधी काही तपासता की नाही तुम्ही लोक?"